हे स्टूपिड (ॲलिस कूपरचा अल्बम)

'हे स्टूपिड' हा अमेरिकन रॉक गायक ॲलिस कूपर याचा हार्ड रॉक अल्बम. एपिक रेकॉर्ड्स या कंपनीने तो जुलै १९९१ मध्ये बाजारात आणला. निर्माता पीटर कॉलिन्स, गाणी बारा. कूपरच्या नावावरचा हा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम. या एकोणिसांतले पहिले सात त्याच नावाच्या बँडचे, पुढचे त्याचे एकट्याचे. दोन वर्षे आधी 'पॉयझन' या गाण्याने विस्मरणात चाललेल्या कूपरला पुन्हा उजेडात आणले होते आणि त्या यशाच्या पाठोपाठ आलेला अल्बम अशीच 'हे स्टूपिड'ची ओळख सहसा करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. विक्रीत तो आधीच्या अल्बमपेक्षा उणा पडला, हे खरे. मात्र कूपरचा मूळचा विक्षिप्त, नाटकी स्वभाव त्यात कितीतरी जास्त उतरला आहे.

कूपरचे मूळ नाव व्हिन्सेंट फर्नियर. जन्म ४ फेब्रुवारी १९४८ रोजी डेट्रॉइटमध्ये. वाढला ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात. शाळासोबत्यांना घेऊन त्याने जो बँड उभा केला त्याचे नाव ॲलिस कूपर, आणि पुढे तेच त्याने कायद्याने स्वतःचे नाव करून घेतले. १९६९ मध्ये टोरंटोच्या एका महोत्सवात स्टेजवर आलेली कोंबडी त्याने प्रेक्षकांत भिरकावली, प्रेक्षकांनी तिच्या चिंधड्या केल्या आणि बोभाटा मात्र कूपरच्या नावाने झाला. बदनामी पथ्यावर पडते हे त्याला तेव्हा कळले असावे. पुढच्या चार वर्षांत डोळ्यांखाली काजळाचे ओघळ, गळ्यात जिवंत साप, फाशीचा दोर असा सगळा सरंजाम त्याच्या कार्यक्रमात जमा झाला. १९७३ च्या दौऱ्यातले गिलोटीन तर जादूगार जेम्स रँडी याने रचलेले. जल्लादाच्या वेशात रँडी स्वतःच स्टेजवर येई, पाते खाली कोसळे आणि कूपरचे नकली मुंडके प्रेक्षकांना दाखवले जाई. अशा धक्कातंत्रावर पोसलेल्या रॉकला 'शॉक रॉक' हे नाव पडले आणि त्याचा मूळपुरुष म्हणून आजही कूपरकडेच बोट दाखवले जाते. हे सारे नुसते सोंग नव्हते. गाणीही तितकीच खणखणीत होती. 'स्कूल्स आउट' हे गाणे १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, तर 'बिलियन डॉलर बेबीज' हा अल्बम १९७३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे.

त्यानंतर दारूने त्याचा घास घेत आणला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे काही अल्बम आपण कसे केले हे आपल्याला आठवतच नाही, असे कूपर स्वतः सांगत आला आहे. १९८३ मध्ये तो व्यसनातून बाहेर पडला आणि १९८६ मध्ये भयपटांच्या लाटेवर स्वार होऊन परतला, पण रेडिओने त्याला दारात उभे केले नाही. ते काम 'ट्रॅश' या अल्बमने (१९८९) केले. त्याचा निर्माता डेस्मंड चाइल्ड हा त्या काळचा हुकमी गीतकार. बॉन जोव्ही आणि एरोस्मिथ यांच्या गाजलेल्या गाण्यांत त्याचा हात होता. त्यातले 'पॉयझन' अमेरिकेत सातव्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेत कूपरचे गाणे पहिल्या दहांत येण्याला १९७७ नंतर हाच मुहूर्त लागला.

असा तडाखेबंद विजय मिळाला की कंपनीला तेच पुन्हा हवे असते. 'हे स्टूपिड'मध्येही बराच माल त्याच दुकानातला आहे: मोठे कोरस, चकचकीत गिटार, प्रेमभंगाची संथ गाणी. चाइल्डचे नावही काही गाण्यांच्या श्रेयावलीत कायम आहे. फरक पडला तो निर्मात्यामुळे. पीटर कॉलिन्स हा ब्रिटिश निर्माता. कॅनडाच्या रश या बँडचे अल्बम आणि क्वीन्सराइक या बँडचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' हा सलग कथानक सांगणारा अल्बम त्याने केला होता. लांब, वळणे घेणाऱ्या गाण्यांची त्याला धास्ती नव्हती. 'ट्रॅश'मधली जवळजवळ प्रत्येक चाल एकाच साच्यातून निघाल्यासारखी वाटते, तसे इथे होत नाही. मुख्य वादकांत गिटारवर स्टेफ बर्न्स, बासवर ह्यू मॅकडॉनल्ड आणि ड्रम्सवर ब्रायन ॲडम्सचा नेहमीचा साथीदार मिकी करी. त्यांच्याभोवती पाहुण्यांची ही गर्दी: गिटारवादक जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय आणि व्हिनी मूर, गन्स एन' रोझेस बँडचा स्लॅश, मोटली क्रू बँडचे निकी सिक्स आणि मिक मार्स, हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बर्न. इतक्या मोठ्या नावांची यादी पाहून सहसा संशय यावा, कारण गाणे लंगडे असले की पाहुणे वाढतात. इथे काही ठिकाणी तो संशय खराही ठरतो.

शीर्षकगीतात मात्र पाहुण्याला अर्थ आहे. नशेत किंवा पिस्तुलात सुटका शोधणाऱ्या पोराला थोरल्या भावाने दोन कानाखाली द्याव्यात तसा या गाण्याचा सूर आहे: तू हरलास तर जिंकणार ते, तुझे काय जाणार ते बघ. ज्या माणसाने रोज रात्री स्टेजवर स्वतःला फासावर चढवून घेतले त्याने असे काही गावे यात गंमत आहेच. पण खरे महत्त्व त्या वेळच्या हवेला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत हेवी मेटल ऐकून मुले जीव देतात असा गदारोळ उठला होता. ऑस्बर्नच्या एका गाण्यामुळे आपल्या मुलाने आत्महत्या केली असा दावा लावून पालकांनी त्याला कोर्टात खेचले. तो दावा टिकला नाही. १९९० च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या रीनो शहरात जुडास प्रीस्ट या मेटल बँडवर खटला चालला. एका गाण्यात कानाला न जाणवणारे छुपे शब्द आहेत आणि त्यांनी दोन तरुणांना आत्महत्येकडे ढकलले, असा आरोप होता. निकाल बँडच्या बाजूने लागला, पण शिंतोडे सगळ्याच मेटलवाल्यांवर उडायचे ते उडाले. त्यानंतर वर्षभरात आलेल्या या गाण्याच्या कोरसमध्ये खुद्द ऑस्बर्नचा आवाज आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेले उत्तर म्हणून ते ऐकले तर स्लॅश आणि सॅट्रियानीच्या गिटारपेक्षा ती आरोळीच जास्त लक्षात राहते. सिंगल म्हणून ते ब्रिटनमध्ये २१ व्या क्रमांकापर्यंत चढले. अमेरिकेत ७८ च्या पुढे सरकले नाही.

दुसरे सिंगल 'लव्ह्ज अ लोडेड गन' नीटस आहे. 'स्नेकबाइट', 'लिटल बाय लिटल', 'डर्टी ड्रीम्स' ही गाणी त्या काळच्या कुठल्याही लांब केसांच्या, चकचकीत हार्ड रॉक बँडने गायली असती तरी चालले असते, त्यांच्यापाशी थांबायचे कारण नाही. 'डाय फॉर यू' हे निकी सिक्स, मिक मार्स आणि जिम व्हॅलन्स यांच्यासोबत लिहिलेले प्रेमगीत ठाकठीक आहे, इतकेच.

अल्बमच्या मध्यावर येते 'माइट ॲज वेल बी ऑन मार्स'. सात मिनिटांचे हे गाणे कूपरने डेस्मंड चाइल्ड आणि डिक वॅग्नर यांच्यासोबत लिहिले. वॅग्नर हा कूपरचा सत्तरच्या दशकातला गिटारवादक आणि सहलेखक. 'ओन्ली विमेन ब्लीड'सारखी कूपरची हळवी गाणी या दोघांनी मिळून लिहिलेली. पावसाने भिजलेले रस्ते, गल्ल्या बदलत पळणाऱ्या टॅक्स्या आणि गच्चीवर उभा एक माणूस. खालच्या कोपऱ्यावरच्या बारच्या खिडकीत त्याला ती दिसते आहे, मध्ये अंतर म्हणाल तर एका रस्त्याचे, पण तो म्हणतो, मी मंगळावर असतो तरी काय फरक पडला असता. गाणे दबक्या आवाजात सुरू होते, वाद्यवृंद चढत जातो आणि शेवटचा बराच भाग गिटार शब्दांवाचून बोलत राहते. एरवी सोंगाआड राहणाऱ्या कूपरचा आवाज इथे थकलेला आणि खरा वाटतो. 'पॉयझन' ज्याने ऐकले आणि हे ऐकले नाही, त्याने या काळातला कूपर अर्धाच ऐकला.

त्याच्या लगेच पुढचे गाणे म्हणजे दुसरे टोक. 'फीड माय फ्रँकेन्स्टाइन' हे मुळात झोडियाक माइंडवॉर्प या ब्रिटिश बँडच्या मंडळींकडून आलेले. वासनेला राक्षसाची उपमा द्यायची आणि ती इतकी ताणायची की अश्लीलपणाचेच हसू व्हावे, हा त्याचा खाक्या. बासवर निकी सिक्स. मध्येच टीव्हीवरच्या भयपटांची सूत्रसंचालिका एल्व्हायरा हिचा लाडिक आवाज. आणि सॅट्रियानी व वाय एकाच गाण्यात. किशोरवयात वाय ज्याच्याकडे गिटार शिकायला जात असे तो सॅट्रियानीच, त्यामुळे ही गुरुशिष्यांची जुगलबंदी आहे. गिटारप्रेमींना ती पुरेशी लांब वाटत नाही, ही तक्रार रास्त आहे.

अल्बममधले हेच गाणे सर्वांत दूर गेले, आणि त्याला कारण झाला एक विनोदी चित्रपट. फेब्रुवारी १९९२ मध्ये प्रदर्शित झालेल्या पेनेलोपी स्फिरिस दिग्दर्शित 'वेन्स वर्ल्ड'मध्ये नायक वेन आणि त्याचा मित्र गार्थ कूपरच्या कार्यक्रमासाठी मिलवॉकीला जातात. लेखक आणि मुख्य अभिनेता माइक मायर्स याला चित्रपटात 'स्कूल्स आउट'सारखे जुने, ओळखीचे गाणे हवे होते. कूपरचा व्यवस्थापक शेप गॉर्डन मात्र नव्या गाण्यावर अडून बसला: हे घ्या, नाहीतर कूपर नाही. मायर्सने पुढे गॉर्डनवर माहितीपट काढला, त्यात हा किस्सा त्याने स्वतःच रंगवून सांगितला आहे. तर पडद्यावर कूपर 'फीड माय फ्रँकेन्स्टाइन' गातो, आणि मग स्टेजमागच्या खोलीत हे दोघे भारावून त्याला भेटायला जातात. काजळ फासलेला, चामड्याच्या कपड्यांतला हा माणूस शांतपणे त्यांना मिलवॉकीचा इतिहास सांगू लागतो: शहराच्या मूळ रहिवाशांनी दिलेल्या नावाचा अर्थ, तिथे निवडून आलेले समाजवादी महापौर. ऐकता ऐकता दोघे गुडघ्यांवर येतात आणि 'आमची तेवढी लायकी नाही' असे म्हणत साष्टांग दंडवत घालतात. हे दृश्य चालले ते कूपरने चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेल्या कामामुळे. चित्रपटाचा साउंडट्रॅक अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि हे गाणे 'हे स्टूपिड' कधीच न ऐकलेल्या लाखो घरांत पोहोचले. कूपरच्या कार्यक्रमांत ते आजही असते. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याचा एक धिप्पाड राक्षस स्टेजवर झुलत फिरतो.

अल्बमचे स्वतःचे नशीब इतके चांगले नव्हते. ब्रिटनमध्ये तो चौथ्या क्रमांकावर पोहोचला, पण अमेरिकेत ४७ व्या. 'ट्रॅश' तिथे विसाव्या क्रमांकापर्यंत गेला होता. त्या उन्हाळ्यात कूपर 'ऑपरेशन रॉक अँड रोल' या दौऱ्यावर निघाला. सोबत जुडास प्रीस्ट, मोटरहेड, डेंजरस टॉइज आणि मेटल चर्च; सगळे एपिकची मालक कंपनी सोनी हिच्या छत्राखालचे, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने एका दगडात पाच पक्षी. दौरा ऑगस्टमध्ये टोरंटोत संपला. त्या शेवटच्या रात्री जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड नेहमीप्रमाणे मोटारसायकलवरून स्टेजवर येताना धडकून जखमी झाला.

अपयशाचे खापर बऱ्याचदा ग्रंज या खरखरीत, बिननखऱ्याच्या नव्या रॉकवर फोडले जाते. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्व्हाना या ग्रंज बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि चमचमत्या हार्ड रॉकची दुकाने बघता बघता बंद झाली, हे खरेच. पण 'हे स्टूपिड' त्याच्या जवळजवळ तीन महिने आधी आला होता आणि अमेरिकेतली त्याची गत तोवर ठरून गेली होती. मूळ अडचण अल्बममध्येच होती. त्यात रेडिओसाठी दुसरे 'पॉयझन' नव्हते, आणि जे चांगले होते ते रेडिओच्या मापात बसणारे नव्हते. सात मिनिटांच्या विरहगीताला तेव्हाच्या कुठल्या स्टेशनने सकाळच्या वेळात जागा दिली असती?

शेवटचे गाणे 'विंड-अप टॉय' याहून आडवळणाचे. कुलूपबंद खोलीत खेळण्यांशी बोलणारा, मोठा झालेला की न झालेला हेच न कळणारा कोणी एक त्यात गातो, आणि शेवटी 'स्टीव्हन' अशी हाक ऐकू येते. जुन्या चाहत्यांना ही खूण पुरे. १९७५ च्या 'वेलकम टू माय नाइटमेअर'मध्ये ज्याची दुःस्वप्ने होती तोच हा स्टीव्हन. सोळा वर्षांनी कूपरने त्याला परत आणले ते दोन मिनिटांच्या गमतीसाठी नव्हे. १९९४ च्या 'द लास्ट टेम्प्टेशन'मध्ये स्टीव्हन हाच नायक झाला आणि त्याची गोष्ट लेखक नील गेमन याने कॉमिकच्या रूपातही लिहिली. तो अल्बम 'हे स्टूपिड'पेक्षाही कमी विकला गेला. एपिकसाठी कूपरने केलेला तो अखेरचा स्टुडिओ अल्बम. पुढचा यायला २००० साल उजाडले.