पिटलॉक्री परिसरातलं हिलवॉकिंग

हिलवॉकिंग म्हणजे दोर, हार्नेस वगैरे काही न लावता फक्त पायांच्या जोरावर डोंगर चढायचा आणि उतरायचा, आपल्याकडे ज्याला सरसकट ट्रेक म्हणतात त्याच्या जवळचा प्रकार. स्कॉटलंडमधे शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांपर्यंत सगळे हे करतात आणि त्यासाठी कुठल्या क्लबचं मेंबर असावं लागत नाही, तिकीट नाही, परमिट नाही. पिटलॉक्री हे पर्थशरमधलं टमेल नदीकाठचं छोटंसं गाव, वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर, आणि हे सगळं एका ठिकाणी समजून घ्यायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. 1863 मधे इथे रेल्वे आली तेव्हापासून हे सुट्टीचं ठिकाण आहे, आजही एडिनबरोहून ट्रेनने दोनेक तासात पोचता येतं आणि स्टेशनवर उतरून थेट डोंगराकडे चालायला लागता येतं, गाडी लागतच नाही. एडिनबरो, ग्लासगो, डंडीला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींसाठीही हा एका दिवसात जमणारा बेत आहे.

गावाच्या डोक्यावर उभा असलेला डोंगर म्हणजे बेन व्रॅकी, उंची 841 मीटर. आता सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटणार, कारण सिंहगडसुद्धा 1300 मीटरच्या वर आहे आणि अख्ख्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिस 1345 मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने बुटका. पण इथे नुसती उंची बघून अंदाज बांधायचा नसतो. पिटलॉक्री जवळपास 57 अंश उत्तरेला आहे, अटलांटिकवरून येणारा वारा आणि पाऊस अडवायला वाटेत फारसं काही नाही, गावापेक्षा माथ्यावर तापमान सहज पाचेक डिग्रीने कमी असतं आणि त्यात वारा मिळाला की जूनमधेही हातमोजे काढावेसे वाटत नाहीत. शिवाय झाडं खालीच संपतात, वरचा सगळा उघडा माळ, आडोशाला एखादा खडक मिळाला तर मिळाला.

वाट सुरू होते मूलिनहून. हे पिटलॉक्रीला चिकटलेलं, मुख्य रस्त्यापासून पंधरा-वीस मिनिटं चढावर असलेलं खेडं. तिथून ओढ्याच्या काठाने झाडीतून वर गेलं की एक गेट लागतं आणि गेटपलीकडे एकदम मोकळं होतं. हेदर नावाच्या बुटक्या झुडपांचा माळ. ऑगस्टमधे हा माळ जांभळा होतो आणि बाकीचे महिने तपकिरी, आणि खरं सांगायचं तर तपकिरी माळ जास्त बोलका असतो कारण तेव्हा त्याच्यावरचे चौकोनी-चौकोनी डाग दिसतात, कुठे जुनं उंच हेदर, कुठे नुकतं फुटलेलं. ते डाग जाणूनबुजून लावलेल्या आगीचे असतात, ग्राउस नावाच्या शिकारीच्या पक्ष्याला कोवळे कोंब खायला आणि जुन्या झुडपात लपायला मिळावं म्हणून इस्टेटीचे लोक पट्ट्यापट्ट्याने हेदर जाळतात. म्हणजे जे आपल्याला रानटी निसर्ग वाटतं ते बऱ्याच अंशी माणसाने, मेंढ्यांनी आणि हरणांनी घडवलेलं आहे.

पुढे वाट दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून जाते आणि समोर अचानक एक छोटं तळं येतं, लॉख अ खोरा, आणि त्याच्यामागे बेन व्रॅकीची उभी भिंत. इथपर्यंत आरामात येता येतं. तळ्याचा बांध ओलांडला की मग शेवटचे तीनशे मीटर थेट उभा चढ, जवळजवळ पूर्ण दगडी पायऱ्यांचा. माथ्यावर दिशादर्शक तबकडी आहे, तिच्यावर कोणत्या दिशेला कोणता डोंगर ते कोरलंय. उत्तरेला बेन अ ग्लोची रांग, पश्चिमेला शिहॅलियनचं टोक, खाली फॅस्कलीचं लांबट पाणी. मूलिनहून जाऊन-येऊन साधारण 10 किमी आणि 700 मीटरच्या आसपास चढाई. इथले लोक वेळ काढायला 1892 मधे विल्यम नेस्मिथने सांगितलेला नियम वापरतात, दर 5 किमीला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास, म्हणजे बेन व्रॅकीचे सव्वातीन तास न थांबता, आणि फोटो, डबा, दम खाणं धरून चार ते पाच.

त्या दगडी पायऱ्यांकडे जरा थांबून बघावं, कारण लोक त्यांना शिव्या देत गुडघे धरून उतरतात पण त्या नसत्या तर डोंगराचं काय झालं असतं ते कोणी बघत नाही. इथली माती म्हणजे पीट, हजारो वर्षं कुजत साचलेली, स्पंजसारखी ओली. त्यावर हजारो बूट पडले की वरचं गवत मरतं, पाणी तिथूनच वाहायला लागतं, चिखल होतो, मग माणसं चिखल टाळायला कडेने चालतात आणि वाट रुंद होत जाते, शेवटी लांबून डोंगरावर ओरखडा दिसतो. उपाय म्हणजे फरसबंदी. कारागीर खालून सुरुवात करून वर जातात, प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत गाडतात आणि सपाट तोंड तेवढं वर ठेवतात, पुढचा दगड मागच्याला टेकून बसवतात, फटींत छोटे दगड ठोकतात आणि मधूनमधून वाटेला आडवी दगडी नाली काढतात म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता बाजूला पडेल. हे सगळं हाताने, पावसात, आणि नीट झालं तर दिसतही नाही की कोणी केलंय. शिहॅलियनवर तर जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्ग जपणाऱ्या संस्थेने 1999 मधे डोंगराचा पूर्वेकडचा भाग विकत घेतला, जुनी खणली गेलेली वाट बंद केली आणि वेगळ्या बाजूने नवी बांधून काढली. वाटेवरच चालावं हा नियम म्हणूनच मनापासून पाळायचा, चिखल असला तरी मधूनच जायचं, बूट धुता येतात.

शिहॅलियनचं नाव निघालंच आहे तर, 1083 मीटरचा हा डोंगर पिटलॉक्रीहून गाडीने गाठता येतो आणि जगाच्या विज्ञानात त्याला मानाची जागा आहे. 1774 मधे शाही खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलीनने इथे मुक्काम ठोकला, डोंगराच्या दोन बाजूंना ओळंबा लावून ताऱ्यांच्या मदतीने मोजलं की डोंगराच्या ओढीने ओळंबा किती सरकतो, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली. डोंगराचं आकारमान मोजायचं काम चार्ल्स हटनकडे होतं, त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, आणि आज प्रत्येक ट्रेकरच्या नकाशावर ज्या समोच्च रेषा असतात त्यांच्या इतिहासात हे पान महत्त्वाचं मानतात. तेव्हा आलेलं उत्तर पाण्याच्या साडेचार पट होतं, खरं साडेपाच पट आहे, पण ओळंबा आणि दुर्बीण घेऊन, ढगात आठवडेच्या आठवडे वाट बघत इतकं जवळ पोचणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

शिहॅलियन हा मन्रो आहे, बेन व्रॅकी कॉर्बेट. सर ह्यू मन्रो यांनी 1891 मधे 3000 फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली, सध्या त्यात 282 डोंगर आहेत, आणि 2500 ते 3000 फुटांमधले, चारी बाजूंनी किमान 500 फूट सुटे उभे असलेले ते कॉर्बेट. सगळे मन्रो पुरे करणं हा अनेकांचा आयुष्यभराचा छंद असतो. छंद चांगला आहे, पण यादीच्या मागे लागून बेन व्रॅकीसारखा डोंगर फक्त उंची कमी म्हणून सोडणारे लोक आहेत आणि ते मोठ्या सुखाला मुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस खराब असेल तर त्याहून छोटी 407 मीटरची क्रेगावर टेकडी आहे, किंवा किलिक्रँकीच्या घळीतून नदीकाठची वाट, जिथे 1689 मधे जॅकोबाइट (गादीवरून हटवलेल्या राजा जेम्सचे पाठीराखे) आणि सरकारी फौजांची लढाई झाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चालण्याचा हक्क. स्कॉटलंडमधले बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे आहेत, मोठमोठ्या इस्टेटी, तरीही तिथे कोणीही चालू शकतं, कारण 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने (लागू झाला फेब्रुवारी 2005 पासून) जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलाय. चालणं, सायकल, घोडा, थोड्या लोकांनी एका जागी दोन-तीन रात्री तंबू ठोकणं, सगळं त्यात येतं. घरालगतची बाग, उभं पीक, शाळेचं आवार हे त्यात येत नाही आणि गाडी-मोटरसायकल तर अजिबात नाही. इंग्लंडमधे असा सरसकट हक्क नाही, तिथे नकाशावर ठरवून दिलेल्या मोकळ्या जमिनी आणि वाटा तेवढ्या.

हा हक्क आकाशातून पडला नाही आणि त्याच्या लढाईतला एक मोठा प्रसंग याच भागात घडला. पिटलॉक्रीच्या पुढचं स्टेशन ब्लेअर अॅथल, तिथून उत्तरेला ग्लेन टिल्ट नावाची खोल दरी जाते. 1847 मधे एडिनबरोचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेमारकडून या दरीतून येत होते, तर अॅथलच्या ड्यूकने आणि त्याच्या माणसांनी वाट अडवली, परत जा म्हणाले, शेवटी मंडळी भिंत ओलांडून निसटली. प्रकरण गाजलं. दोनच वर्षांपूर्वी, 1845 मधे, हक्काच्या वाटा वाचवायला एक सोसायटी स्थापन झाली होती, तिने खटला उभा केला, तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि ग्लेन टिल्टची वाट लोकांसाठी खुली राहिली. 1884 मधे खासदार जेम्स ब्राइस यांनी डोंगर सगळ्यांना खुले करणारं विधेयक संसदेत मांडलं, ते काही मंजूर झालं नाही, आणि त्यानंतर कायदा यायला सव्वाशे वर्षांच्या जवळपास काळ गेला. त्या सोसायटीच्या हिरव्या पाट्या आजही वाटांच्या तोंडाशी दिसतात, दिसली की वाचा.

हक्काच्या जोडीला एक संहिता आहे आणि ती पाळणं हा चालण्याचाच भाग. गेट जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. एप्रिल-मे मधे मेंढ्यांची कोकरं असतात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षीही, तेव्हा कुत्रा पट्ट्याला बांधूनच न्यायचा. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नर हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ, आणि 12 ऑगस्टपासून ग्राउसचा, अशा वेळी सुरुवातीच्या ठिकाणी लावलेली सूचना वाचून सांगितलेल्या वाटेने जायचं. शिकार कोणाला पटो न पटो, त्यावर गावातल्या काही घरांची चूल अवलंबून असते. कचरा आपला आपण परत न्यायचा, केळ्याचं सालसुद्धा, कारण त्या थंडीत ते लवकर कुजत नाही.

तयारीच्या बाबतीत लोक चुकतात ते नेहमी याच तीन गोष्टींत. एक म्हणजे जीन्स, भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते, त्यापेक्षा साधी ट्रॅक पँट बरी आणि वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. दुसरं, फोनच्या भरवशावर राहणं, दरीत नेटवर्क जातं आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 किंवा 1:50,000 चा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं, आणि ते वापरता यायला हवं, कारण ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही. तिसरं उजेड. जूनमधे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डिसेंबरमधे दुपारी साडेतीनलाच, म्हणून हिवाळ्यात हेडटॉर्च नसेल तर निघायचंच नाही. बर्फ पडून कडक झाला की याच बेन व्रॅकीच्या पायऱ्या घसरगुंडी होतात, तेव्हा आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) लागतात आणि ते कसे वापरायचे हे आधी कोणाकडून तरी शिकावं लागतं. हवामान बघायचं ते गावाचं नाही, डोंगराचं, त्याचा वेगळा अंदाज रोज निघतो आणि त्यात माथ्यावरचा वारा किती आणि ढग कुठल्या उंचीवर हे दिलेलं असतं.

काही झालंच तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, आपापली नोकरी सोडून रात्री-अपरात्री डोंगरावर येतात आणि एक पेनीही घेत नाहीत. फोन नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

उन्हाळ्यात मिजेस नावाची बारीक चिलटं मे ते सप्टेंबर त्रास देतात, वारा असला की गायब होतात, म्हणून डबा खायला झाडीत न थांबता उघड्यावर बसावं. गोचीड मात्र गंभीर. हेदर आणि ब्रॅकनच्या नेच्यातून चाललं की त्या पायावर चढतात आणि काहींमुळे लाइम आजार होतो. पँट मोज्यात खोचायची, परत आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी नीट बघायचं, सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकंदळ पसरलं तर लगेच डॉक्टर.