पाऊस न पडणाऱ्या गावाने मोजलेला पावसाळा

आस्वान हे इजिप्तच्या दक्षिणेचं, नाईलकाठचं शहर. इथे वर्षभरात सरासरी पडणारा पाऊस जेमतेम मिलिमीटरभर. आपल्याकडे आंब्याचा मोहोर झाडून जाणारी एखादी अवकाळी सरसुद्धा याच्या कितीतरी पट असते. पश्चिम काठावर वाळूची टेकडी थेट नदीच्या पाण्यापर्यंत उतरलेली दिसते. हिरवं म्हणाल तर काठालगतची खजुराची झाडं आणि शेताच्या चार पट्ट्या. अशा गावात माणसांनी दोन हजार वर्षांहून जास्त काळ पावसाळा मोजला, आणि तोही एका जिन्यावर.

इजिप्तला जाणारे बहुतेक प्रवासी आस्वानला एक-दोन रात्री टेकतात, पहाटे अबू सिंबेलच्या प्राचीन मंदिरांकडे जाणारी गाडी पकडतात आणि पुढे लक्सरकडे निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक आख्खी सकाळ नदीतल्या एलिफंटाइन बेटासाठी राखून ठेवा. गावाच्या धक्क्यावरून होडीने काही मिनिटांचं अंतर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने बरे; उन्हाळ्यात पारा रोजच चाळिशीच्या वर असतो.

बेटाच्या पूर्व अंगाला दगडी भिंतींमधून एक अरुंद जिना खाली नदीत उतरतो. नव्वद पायऱ्या. बारवेत उतरल्यासारखंच वाटतं, फक्त तळाशी झरा नाही, साक्षात नाईल आहे. भिंतीवर ठरावीक अंतराने खुणा कोरलेल्या आहेत. ही नाईलमापी. तिचं एकक आपल्या ओळखीचं आहे: हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. इजिप्तचा राजमान्य हात सुमारे ५२.५ सेंटिमीटरचा, त्याचे ७ तळवे आणि २८ बोटं. आपल्याकडचा जुना हात २४ अंगुळांचा. नदी चढू लागली की पाणी जिन्यातून वर सरकायचं, आणि कोणती खूण बुडाली ते पाहून आकडा लिहून ठेवायचा. इतकं साधं यंत्र, पण इतकं टिकाऊ, की १८७० मध्ये त्याची दुरुस्ती करून नव्या मोजपट्ट्या बसवल्या आणि ते पुन्हा वापरात आणलं.

हा आकडा कशासाठी हवा होता? पूर जितका चढेल तितकी जमीन भिजणार, तितका गाळ बसणार, तितकं धान्य पिकणार. म्हणजे पेरणी व्हायच्या आधीच आणेवारी कळायची! चांगला पूर म्हणजे जास्त महसूल, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने या जिन्याबद्दल लिहून ठेवलं आहे. रोमन लेखक प्लिनीने तर इजिप्तच्या पुराची पायरीच मांडली: १२ हात पाणी म्हणजे दुष्काळ, १३ म्हणजे उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्तपणा, १६ ला चंगळ. चार हातांच्या, म्हणजे दोन मीटरच्या फरकात एका देशाचं वर्ष ठरत असे. आणि आस्वानचं महत्त्व असं की दक्षिणेकडून येणारा पूर इजिप्तमध्ये आधी इथे दिसायचा, खालच्या गावांना तो नंतर भेटायचा.

आता खरा प्रश्न. आस्वानला पाऊस नाही, उत्तरेला कैरोपर्यंत जवळपास नाहीच. मग भर उन्हाळ्यात, नदी आटायला हवी त्या दिवसांत, ही नदी फुगायची कशी? प्राचीन ग्रीकांनी या कोड्यावर बरेच तर्क लढवले होते. उत्तर आहे दीड हजार किलोमीटर दूर, इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर. तिथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडतो. निळी नाईल आणि अटबारा या नद्या ते पाणी आणि पठाराची काळी माती घेऊन खाली येतात. आस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाचं असतं. धरण होण्यापूर्वी जूनअखेर पाणी चढायला लागायचं आणि सप्टेंबरच्या सुमाराला मे महिन्याच्या दहापटींहून जास्त प्रवाह असायचा.

जून ते सप्टेंबर! हे महिने वाचल्यावर मराठी माणसाच्या मनात जे येईल, ते बरोबरच आहे. सूर्याबरोबर उत्तरेकडे सरकणारा ढगांचा पट्टा आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून आपल्यापर्यंत पसरलेला असतो. वर, बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर, भारताकडून आफ्रिकेकडे वाहणारा वेगवान पूर्वेचा वारा असतो. आपला मॉन्सून जोरात असला की तो वारा जोरात वाहतो, आणि तेव्हा सहसा इथिओपियातही चांगला पाऊस होतो. प्रशांत महासागरात एल निन्यो उभा राहिला, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की दोन्हीकडे पाऊस रुसण्याची शक्यता वाढते. १८७७ हे वर्ष पाहा. त्या साली नाईलचा पूर विलक्षण कमी आला आणि त्याच काळात आपलं दख्खन १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात होरपळत होतं. त्या साली एल निन्यो फार प्रबळ होता.

हा धागा ओळखणाऱ्यांत गिल्बर्ट वॉकर हे नाव मोठं आहे. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मॉन्सूनचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरची आकडेवारी एकमेकींशी ताडून पाहिली, आणि त्या आकडेवारीत नाईलच्या पुराच्या नोंदीही होत्या. खात्याचं मुख्यालय तेव्हा सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथून बसने जाताना मला हटकून एलिफंटाइनचा तो जिना आठवतो.

पाण्याबरोबर याच गावाच्या आधाराने पृथ्वीही मोजली गेली. आस्वानचं जुनं नाव सायीनी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख एराटोस्थेनिस यांना माहीत होतं, की उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सायीनीला काठीची सावली पडत नाही. प्रसिद्ध कथेत सूर्य तिथल्या विहिरीच्या तळापर्यंत पोचतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाच्या ५० व्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंशांचा भरतो. दोन शहरांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचं लांबीचं माप) धरलं, म्हणजे पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नासपट. या दोन शहरांच्या अक्षांशांतला आजचा मोजलेला फरक ७.१ अंश आहे. काठी आणि सावली एवढ्याच भांडवलावर!

काटेकोर पाहिलं तर आस्वान बरोबर कर्कवृत्तावर नाही, थोडं उत्तरेला आहे. एराटोस्थेनिसच्या काळी तिथे एक मीटरच्या काठीची सावली २१ जूनला सुमारे ६ मिलिमीटर पडली असती. नखाच्या रुंदीएवढीही नाही. आज ती ११ मिलिमीटर पडेल, कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल हळूहळू कमी होतो आहे आणि कर्कवृत्त दरवर्षी साधारण १५ मीटर दक्षिणेकडे सरकतं आहे. शून्य सावलीचा अनुभव आस्वानकरांना मिळत नाही, आपल्याला मात्र मिळतो: सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्यात मेच्या मध्यावर उभी बाटली उन्हात ठेवून पाहा. दुसरा दिवस जुलैअखेर येतो, पण तेव्हा सूर्य ढगाआड असतो.

गावाच्या पूर्वेला ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी आहेत. हा गुलाबी दगड सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीचा. हाच खडक नदीत आडवा आल्यामुळे इथे नाईलचा पहिला खळाळ तयार झाला, आणि म्हणूनच इजिप्तची जुनी सरहद्द इथे पडली. खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा एक स्तंभ अर्धवट कोरून आडवा पडला आहे. काम चालू असताना त्याला तडा गेला आणि तो तिथेच सोडून दिला. तांब्याची छिन्नी ग्रॅनाइटपुढे चालत नाही, म्हणून कारागिरांनी डोलेराइटचे गोटे हातात धरून ठोकून ठोकून दगडाचा भुगा केला. डोलेराइट म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा सख्खा भाऊ. तोच शिलारस जमिनीखाली गोठला की डोलेराइट होतो. स्तंभाच्या कडेच्या चरात आजही ओळीने बशीसारखे खळगे दिसतात, आणि प्रत्येक खळग्यासमोर एक माणूस बसलेला डोळ्यांपुढे येतो.

मग १९६० ते १९७० मध्ये इथलं उंच धरण झालं. त्यामागच्या नासर सरोवराची क्षमता १६२ अब्ज घनमीटर, म्हणजे ५,७०० टीएमसीहून जास्त. कोयना १०५ टीएमसी, म्हणजे चोपन्न कोयना. त्या रखरखीत उन्हात वर्षाला किमान १० अब्ज घनमीटर पाण्याची नुसती वाफ होते. तीन कोयना हवेत जातात. अबू सिंबेलची मंदिरं ठोकळ्या-ठोकळ्यांनी कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन बसवली, हे जगाने कौतुकाने पाहिलं. त्याच पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या सुमारे ५० हजार नूबियन लोकांना घरदार सोडून आस्वानच्या उत्तरेला कोम ओंबो गावाच्या परिसरात जावं लागलं. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. एलिफंटाइन बेटावर मात्र नूबियन वस्ती अजून आहे. जिना पाहून झाला की त्यांच्या गल्ल्यांमधून चालत जा.

इथिओपियाच्या पठारावर दर पावसाळ्यात आजही तसाच पाऊस कोसळतो, फक्त ते पाणी आता धरणांमागे अडतं. आस्वानखालच्या नाईलने नैसर्गिक पूर शेवटचा पाहिला तो १९६४ मध्ये. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून खाली पाहिलं की नदी खूप खाली शांत वाहताना दिसते, आणि तुमच्या खांद्याशेजारच्या भिंतीवर पाणी कुठवर चढायचं त्याच्या खुणा असतात, वाळूने पुसट झालेल्या, कोरड्या ठाक.