मेलेत की निजलेत?

फिनेलचा वास सुटला की जंतू मेले, असं आपण धरून चालतो. जंतुनाशकांच्या घराण्यात फिनेलचा थोरला भाऊ शोभेल असं कार्बोलिक आम्ल जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८१ साली बर्लिनमध्ये तपासायला घेतलं. रेशमाचे दोरे अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूच्या बीजाणूंत, म्हणजे कवच घेऊन निजलेल्या रूपात, भिजवून सुकवायचे, जंतुनाशकात बुडवायचे आणि मग पोषक माध्यमावर ठेवून काही उगवतं का ते पाहायचं, अशी साधी रीत. साधे जिवाणू कार्बोलिकला लवकर शरण गेले. बीजाणू सहजी दाद देईनात. अल्कोहोलला तर त्यांनी जुमानलंच नाही. मर्क्युरिक क्लोराइडच्या अगदी पातळ द्रावणातून काढलेले दोरे मात्र ओसाड राहिले. पाऱ्याचा हा क्षार जंतुनाशकांचा राजा ठरला.

काही वर्षांनी गेप्पर्ट या जर्मन संशोधकाला शंका आली. बीजाणूंना चिकटलेला पारा दोऱ्याबरोबर माध्यमात येऊन त्यांना नुसतं उगवू देत नसेल तर? त्याने अमोनियम सल्फाइड घालून तो पारा निकामी केला, आणि ‘मेलेले’ बीजाणू उगवू लागले. मला हा प्रयोग कॉखच्या प्रयोगापेक्षा जास्त आवडतो.

बीजाणू इतका चिवट का? अन्न संपलं की बॅसिलस किंवा क्लॉस्ट्रिडियम जातीचा जिवाणू आपला डीएनए एका कोरड्या गाभ्यात बंद करतो. पाण्याची जागा बरीचशी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्लाची जोडी घेते, डीएनएला खास छोटी प्रथिनं लपेटून बसतात, आणि बाहेर प्रथिनांची जाड कवचं. आत कारभारच ठप्प, मग बिघडवायचं काय?

ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक बीजाणूची बाहेरची प्रथिनं एकमेकांत गुंतवून टाकतं. दार आतून उघडेनासं होतं. पण बॅसिलस सबटिलिसचे असे बीजाणू सोडियम हायड्रॉक्साइडने धुतले, तेव्हा त्यातले थोडे पुन्हा जागे झाले. गेप्पर्टची शंका शंभर वर्षांनीही जिवंत! ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, परॲसिटिक आम्ल यांचा मार्ग वेगळा: ती ऑक्सिडीकरणाने बीजाणूचं आतलं पटल कमजोर करतात. मग तो उगवायला निघाला तरी बहुधा तग धरत नाही. तेही पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला तरच. नुसता फडका फिरवून भागत नाही.

रुग्णालयांत जुलाब पसरवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. तिथे साबण-पाण्याने हात चोळून धुवायला सांगतात. साबणही त्यांना मारत नाही. ते फक्त मोरीतून वाहून जातात.