एक्मोवरच्या रुग्णाचा व्हेंटिलेटर: २४ हा आकडा आला कुठून?

तीव्र एआरडीएसच्या (फुप्फुसे सुजून, पाण्याने भरून निकामी होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला व्हीव्ही एक्मो (शिरेतून रक्त काढून, यंत्रात त्याला ऑक्सिजन देऊन आणि कार्बन डायऑक्साइड काढून, पुन्हा शिरेत सोडणे) लागला की काही तासांत व्हेंटिलेटर खाली आणायचा, म्हणजे त्याचा दाब आणि गती कमी करायची, यावर आज दुमत नाही. दुमत आहे ते किती खाली आणायचा यावर. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये प्लॅटो प्रेशर (श्वास आत घेऊन थांबल्यावर फुप्फुसातला दाब) २४ सेंमी पाण्याच्या आत, पीप (श्वास सोडल्यावरही राखलेला दाब) किमान १०, रेट (मिनिटाला श्वास) १० ते ३० आणि ऑक्सिजन ३० ते ५० टक्के असे आकडे सापडतात. हे आकडे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीच्या एक्मो गटातले आहेत. पण त्या चाचणीने व्हेंटिलेटरचे सेटिंग तपासलेच नव्हते. तिचा प्रश्न एक्मो लवकर लावावा की नाही, एवढाच होता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९७० च्या दशकात अमेरिकेत ९० प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली आणि एक्मो मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत दहातला जेमतेम एक वाचला. रक्त व्हीए मार्गाने (शिरेतून काढून धमनीत) फिरत होते, रक्तस्राव प्रचंड होता आणि एक्मो चालू असतानाही फुप्फुसांवर व्हेंटिलेटरचा मारा सुरूच राहिला. १९८६ मध्ये इटलीतल्या एका गटाने उलटा मार्ग दाखवला: कार्बन डायऑक्साइड यंत्राने काढायचा, व्हेंटिलेटरला मिनिटाला फक्त ३ ते ५ श्वास द्यायला लावायचे. ४३ पैकी २१ रुग्ण वाचले. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि १९९४ च्या अमेरिकेतल्या ४० रुग्णांच्या चाचणीत अशाच पद्धतीचा फायदा दिसला नाही. २००० साली, एक्मोचा संबंध नसलेल्या ८६१ रुग्णांत, किलोमागे १२ ऐवजी ६ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) दिल्याने मृत्यू जवळपास ४० वरून ३१ टक्क्यांवर आले.

२००९ च्या ब्रिटिश चाचणीत एक्मो गटाला पीक प्रेशर (श्वासातला सर्वोच्च दाब) २०, पीप १० ते १५, रेट १० आणि ऑक्सिजन ३० टक्के असे सेटिंग होते. सहा महिन्यांनी, गंभीर अपंगत्वाशिवाय, त्या गटातले ६३ टक्के आणि दुसऱ्या गटातले ४७ टक्के रुग्ण जिवंत होते. पण दुसऱ्या गटाला फुप्फुस जपणारे व्हेंटिलेशन बंधनकारकच नव्हते. फायदा एक्मोचा की खाली आणलेल्या व्हेंटिलेटरचा, ही गाठ तेव्हापासून सुटलेली नाही.

२०१८ च्या चाचणीत २४९ रुग्ण होते. साठ दिवसांतले मृत्यू ३५ विरुद्ध ४६ टक्के. फरक सांख्यिकीच्या उंबरठ्यावर अडला, आणि नियंत्रण गटातल्या (आधी एक्मो न दिलेल्या) १२५ पैकी ३५ जणांना शेवटी एक्मोच लावावा लागला. चर्चा सगळी या निकालाभोवती फिरली, आणि २४ हा आकडा कुणी न विचारताच प्रोटोकॉलमध्ये जाऊन बसला.

त्या आकड्याची मुख्य अडचण अशी की प्लॅटो एकटा पुरेसे काही सांगत नाही. १६५ सेंमी उंचीचा पुरुष घ्या. उंचीवरून काढलेले वजन साधारण ६१.५ किलो, तराजूवरचे वजन इथे कामाचे नाही. फुप्फुसाचा कॉम्प्लायन्स (दाब एक सेंमी वाढवल्यावर आत जाणारी हवा) १२ मिली प्रति सेंमी आहे असे धरू. पीप १० आणि प्लॅटो २४ ठेवला तर ड्रायव्हिंग प्रेशर (प्लॅटो वजा पीप) १४ आणि टायडल व्हॉल्यूम १६८ मिली, म्हणजे किलोमागे २.७. पीप १४ केला तर तोच प्लॅटो, पण ड्रायव्हिंग प्रेशर १० आणि व्हॉल्यूम १२० मिली. दोन्ही सेटिंग प्रोटोकॉलमध्ये बसतात, फुप्फुसाला मात्र वेगळी वागणूक मिळते. पीप फारच उतरवला तर फुप्फुस मिटते आणि दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे पूर्ण पांढरा येतो. घाबरून पुन्हा दाब वाढवण्याची चूक इथेच होते. एक्मोचा फ्लो पुरेसा असेल आणि सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) टिकत असेल, तर त्या एक्स-रेवर उपचार करायची गरज नसते.

२०१९ च्या १० देशांतल्या ३५० रुग्णांच्या निरीक्षणात एक्मोनंतर टायडल व्हॉल्यूम किलोमागे ६.४ वरून ३.७ मिली, प्लॅटो ३२ वरून २४ आणि रेट २६ वरून १४ झालेला दिसतो. कदाचित सगळेच एकसारखे खाली आल्यामुळे पहिल्या दोन दिवसांच्या सेटिंगचा जगण्याशी संबंध काही दिसला नाही. त्याच वर्षी डुकरांवरच्या प्रयोगात मिनिटाला ५ श्वासांइतके जवळजवळ थांबलेले व्हेंटिलेशन फुप्फुसातला फायब्रोसिस (कडक व्रणासारखी ऊती तयार होणे) कमी ठेवते असे आढळले होते. माणसांत याचा निर्णायक पुरावा अजून नाही. २०२१ ची ब्रिटिश चाचणी लहान यंत्राने कार्बन डायऑक्साइड काढून टायडल व्हॉल्यूम ३ मिलीपर्यंत आणायची होती. ४१२ रुग्णांनंतर ती फायदा दिसत नसल्याने थांबवली. एक्मोवर पालथे झोपवण्याच्या २०२३ च्या चाचणीतही एक्मो लवकर सुटला नाही.

उतरवण्याची घाईही महागात पडते. कॅन्युला (एक्मोच्या नळ्या) बसताच स्वीप गॅस (एक्मो यंत्रातून सोडलेला, कार्बन डायऑक्साइड काढणारा वायू) एकदम वाढवला तर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने पडतो, आणि २४ तासांत तो निम्म्याहून खाली गेलेल्यांत मेंदूच्या गुंतागुंती जास्त दिसल्या आहेत. म्हणून स्वीप कमीवर सुरू करून एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाहत थोडाथोडा वाढवायचा आणि त्या बेताने व्हेंटिलेटरचा रेट उतरवायचा. लो मिनिट व्हॉल्यूमचा (मिनिटाभरात हवा कमी गेल्याचा) अलार्म नव्या सेटिंगनुसार बदलायला विसरलात तर रात्रभर कोकलतो, आणि कोणीतरी तो बंद करण्यासाठी रेटच वाढवून टाकतो.

व्हीए एक्मोचे गणित वेगळे. तिथे हृदय सावरू लागले की आजारी फुप्फुसातून आलेले रक्त मेंदूकडे जाते, म्हणून एबीजी उजव्या हाताच्या रेडियल धमनीतूनच घ्यावा लागतो. तो खराब आला तर व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन आणि पीप वाढवावा लागू शकतो.

व्हीव्हीवर प्रेशर मोड (व्हेंटिलेटर ठरलेला दाब देतो, हवा किती जाईल ते फुप्फुसावर अवलंबून) ठेवण्याचा एक फायदा शेवटच्या टप्प्यात कळतो. दाब तोच असताना टायडल व्हॉल्यूम ६० मिलीवरून २५० मिलीकडे सरकला की फुप्फुस उघडत आहे. मग रक्ताचा फ्लो तसाच ठेवून, व्हेंटिलेटर नेहमीच्या सुरक्षित मर्यादेत वर आणायचा आणि स्वीप शून्यावर नेऊन काही तास पाहायचे. याच तासांत रुग्ण जोरजोरात श्वास ओढू लागला तर एबीजी चांगला असला तरी स्वीप परत चालू करतात.