ॲड्रिनलची गाठ आणि दहाचा आकडा

ॲड्रिनल म्हणजे मूत्रपिंडावर बसलेली, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी. तिच्यातल्या गाठीचा प्रश्न आज ज्या रूपात डॉक्टरांपुढे येतो, ते रूप पन्नास वर्षांपूर्वी नव्हतंच. तेव्हा आधी रोग दिसायचा आणि मग गाठीचा शोध सुरू व्हायचा. रक्तदाब एकदम उसळतोय, छातीत धडधडतंय, दरदरून घाम फुटतोय, किंवा चेहरा चंद्रासारखा गोल होत चाललाय, अशा पेशंटची ग्रंथी तपासायची. आज बहुतेक वेळा गाठ आधी सापडते, तीही मुतखड्यासाठी किंवा अपघातानंतर काढलेल्या सीटीत, आणि तिच्या मागे रोग आहे का हे नंतर शोधावं लागतं.

जुन्या काळात तो शोध जिवावर बेतणारा होता. साध्या एक्स-रेत ही चार-पाच ग्रॅमची ग्रंथी दिसत नाही. फार तर तिच्यात साचलेलं कॅल्शियम दिसायचं, किंवा मोठ्या गाठीने मूत्रपिंड खाली ढकललेलं कळायचं. म्हणून १९२०च्या दशकात मूत्रपिंडाभोवती सुईने वायू भरून एक्स-रे काढण्याची युक्ती निघाली. पुढे माकडहाडाजवळून वायू सोडायची पद्धत आली. तो वायू रक्तवाहिनीत शिरला की पेशंट टेबलावरच दगावू शकत असे. नंतर नळी घालून ॲड्रिनलच्या शिरेत कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव्य, सोडू लागले, तर दाबाने ग्रंथीतच रक्तस्राव व्हायचा. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब उसळवणारी हार्मोन सोडणारी गाठ, असेल तर धमनीतल्या कॉन्ट्रास्टनेही रक्तदाब भडकायचा. १९७०च्या दशकात अमेरिकेत आयोडीन जोडलेलं किरणोत्सारी कोलेस्टेरॉल आलं. ते सुरक्षित होतं, पण चित्रासाठी काही दिवस थांबावं लागे.

मग सीटी आलं. डोक्याचा पहिला स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोटाचेही स्कॅन होऊ लागले. ॲड्रिनलच्या भोवती चरबी असते. सीटीत चरबी काळी दिसते आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर उलट्या इंग्रजी Y अक्षरासारखी करडी ग्रंथी स्पष्ट उठून दिसते. काटकुळ्या माणसात आणि लहान मुलांत ती चरबीच कमी, म्हणून तिथे आजही नजर ठरायला वेळ लागतो.

ग्रंथी दिसू लागली तशा गाठीही दिसू लागल्या. १९८२ साली अमेरिकेतल्या एका शोधनिबंधात या अनाहूत गाठींना 'इन्सिडेंटॅलोमा' म्हटलं गेलं. शब्द चटकन रुळला आणि तेवढाच घोळही घालून गेला. हे निदान नाही. गाठ कशी सापडली एवढंच तो सांगतो, ती कसली आहे हे सांगत नाही. शेवटी 'ओमा' आल्यामुळे ऐकणाऱ्याला मात्र रोगाचं नाव ऐकल्यासारखं वाटतं. व्याख्येने ज्यांना आधीपासून कॅन्सर आहे आणि त्याचाच प्रसार पाहायला स्कॅन केलाय, त्यांच्या गाठी यात धरत नाहीत. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत ही सीमा पाळली गेली नाही. शिवाय बरेच अभ्यास ऑपरेशन झालेल्या पेशंटचेच होते, म्हणजे ज्या गाठींचा आधीच संशय आला होता त्यांच्या. साहजिकच कॅन्सरचं प्रमाण फुगलेलं दिसलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कॅन्सरचा पूर्वेतिहास नसलेल्या ९७३ पेशंटच्या १,०४९ गाठी एकामागून एक तपासल्या. त्यात एकही कॅन्सरची निघाली नाही. तोवर पाव शतक त्या जुन्या आकड्यांची धास्ती घरोघरी पोचली होती, हे मला फार लागतं.

या सगळ्यात खरी मेहनत एका आकड्यावर झाली. सीटीत प्रत्येक ठिपक्याची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे एचयूमध्ये मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास. ॲडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या निरुपद्रवी गाठीच्या, पेशींत पुष्कळदा मेद साठलेला असतो, त्यामुळे त्याचा आकडा खाली येतो. कॅन्सरच्या आणि फिओच्या (फिओक्रोमोसायटोमाच्या) गाठीत असा मेद सहसा नसतो. प्रश्न होता रेघ कुठे ओढायची. १९९८ साली आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले गेले. रेघ २ वर ओढली तर तिच्याखाली ॲडेनोमाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, पण शंभरातले फक्त ४७ ॲडेनोमाच ओळखू येत होते. २० वर ओढली तर ८८ ओळखू येत, पण ॲडेनोमा नसलेल्या शंभर गाठींतल्या १६ आत शिरत. १० वर ७१ ओळखू येत होते आणि चुकीच्या फक्त दोनच शिरत होत्या. दहा रुळलं.

म्हणजे दहाची रेघ निसर्गाने आखलेली नाही. शंभरातल्या २९ निरुपद्रवी गाठींना पुढच्या तपासण्यांची दगदग द्यायची, पण वाईट गाठ सुटू द्यायची नाही, असा तो सौदा होता. माझ्या मते तो योग्य होता. मात्र त्याच्या अटी विसरल्या जातात. हा आकडा कॉन्ट्रास्ट देण्याआधीच्या स्कॅनमधलाच हवा. पोटाचे बरेच स्कॅन थेट कॉन्ट्रास्ट देऊनच होतात आणि तेव्हा ॲडेनोमाही सहज ६०-७०च्या घरात जातो, म्हणून पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं. मोजताना पडद्यावरचं मोजणीचं वर्तुळ गाठीच्या मधोमध ठेवावं लागतं, तिचा निम्म्याहून जास्त भाग व्यापणारं. वर्तुळ कडेला सरकलं की बाहेरची चरबी त्यात मिसळते आणि आकडा खोटाच खाली येतो. कॅल्शियमचा कण आत आला की तो वर उडी मारतो. ९ आणि ११ मध्ये तर यंत्राच्या खरखरीएवढाच फरक असतो. इतकं सगळं असूनही कित्येक रिपोर्टांत 'ॲड्रिनल लेजन, क्लिनिकली कोरिलेट' (ॲड्रिनलमध्ये गाठ, लक्षणांशी ताडून पाहा) एवढंच लिहिलेलं असतं. घनता किती, हे लिहिलेलं नसतं. त्या एका आकड्याने पेशंटच्या कित्येक झोपा वाचल्या असत्या.

दहाच्या वर उरलेल्यांसाठी दोन वाटा निघाल्या. पहिली एमआरआयची, १९९०च्या दशकातली. यात एकाच पेशीतलं पाणी आणि मेद एकमेकांचा सिग्नल खोडतात आणि ॲडेनोमा काळवंडतो. दुसरी वॉशआउटची, म्हणजे गाठीतून कॉन्ट्रास्ट किती लवकर निघून जातो ते पाहण्याची. कॉन्ट्रास्ट देऊन १५ मिनिटांनी पुन्हा स्कॅन घ्यायचा आणि ६० टक्के, किंवा आधीचा साधा स्कॅन नसेल तर ४० टक्के, उतार मिळाला तर ॲडेनोमा म्हणायचं. वॉशआउट अनेक वर्षं जोरात चाललं. पण काही फिओ आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरमधून आलेल्या काही गाठीही तितक्याच झपाट्याने उतरतात. त्यामुळे हल्लीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत त्यावर फारसा भरवसा ठेवलेला नाही. दहाच्या रेघेवरचा भरवसा उलट वाढला. २०१६च्या सूचनांत एकसारखी, दहा किंवा त्याखालची आणि ४ सेंटिमीटरहून लहान गाठ पुढच्या स्कॅनमधून मोकळी केली होती. २०२३ मध्ये आकाराची ती अटही गेली.

हार्मोनचा प्रश्न कुठल्याच चित्राने सुटलेला नाही. दहाच्या खालचा ॲडेनोमासुद्धा गुपचूप कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त बनवत असू शकतो, म्हणून रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसोल पाहायची तपासणी प्रत्येकाला सांगितलेली आहे. अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब वाढवणारं हार्मोन जास्त असेल तर गाठ डावीकडे दिसते आणि हार्मोन उजवीकडून येतो, असंही होतं. त्यासाठी दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून रक्त घ्यावं लागतं. नवी पेट स्कॅनची द्रव्यं हे काम सुईविना करू पाहताहेत.

हे सगळे आकडे प्रामुख्याने पश्चिमेकडच्या पेशंटवरून आले आहेत. आपल्याकडे दोन्ही ॲड्रिनल एकदम सुजलेल्या दिसल्या तर यादीत क्षय आणि हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा संसर्ग वर घ्यावे लागतात. तिथे घनता दहाच्या वरच येते आणि रेघ काही सांगत नाही. पेशंट खंगलेला, कातडी काळवंडलेली, रक्तदाब खाली, म्हणजे ग्रंथी निकामी होत चालल्याची खूण. सकाळचं कॉर्टिसोल त्याच दिवशी पाठवायचं. निदान बहुतेक वेळा सुईने घेतलेल्या तुकड्यातच होतं, आणि ती सुई घालण्याआधी मेटानेफ्रिनचा, म्हणजे फिओ ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात हवा, कारण गाठ फिओ निघाली तर रक्तदाब तिथेच टेबलावर उसळतो.