रुग्णालयात तत्त्वज्ञाची खुर्ची कुठून आली?

नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचण्या नीतीला धरून आहेत का हे तपासणाऱ्या समितीवर, मी काही वर्षं आहे. महिन्यातला एक शनिवार, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल आणि पिशवीत औषधचाचण्यांच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा. हजेरीच्या कागदावर माझ्या नावापुढे छापलेलं असतं, ‘सामाजिक शास्त्रज्ञ / स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी / तत्त्वज्ञ / नीतिशास्त्रज्ञ / धर्मशास्त्रज्ञ’. लागू नसेल ते खोडायचं. मी ठाण्यात तत्त्वज्ञान शिकवते, तरी पहिल्या वेळी ‘तत्त्वज्ञ’ तेवढं ठेवून बाकीचं खोडताना हात अडखळला. आपल्याकडे तत्त्वज्ञ म्हटलं की दाढी आणि समाधी.

ही यादी रुग्णालयाने मनाने केलेली नाही. २०१९च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत ती जवळपास अशीच आहे. कमिटीत किमान सात जण हवेत, त्यांतले निम्मे तरी बाहेरचे, एक तरी बाई, एक कायदा जाणणारा, एक सामान्य माणूस आणि वरच्या लांबलचक ओळीतला कुणीतरी एक. एमए करणारी मुलं विचारतात, ‘मॅडम, बायोएथिक्समध्ये पुढे शिकायचंय, इथे कुठे करता येईल?’ बायोएथिक्स म्हणजे जैवनीती, वैद्यकातल्या बऱ्यावाईटाचा विचार. उत्तर दोन मिनिटांत संपतं. ते इतक्या लवकर का संपतं, याची गोष्ट मात्र बरीच लांब आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं तत्त्वज्ञान ‘चांगलं’ या शब्दाचा अर्थ काय, यावरच अडून बसलं होतं. चांगलं काय आणि वाईट काय हे सांगणं प्राध्यापकांना आपलं काम वाटत नव्हतं. तेवढ्यात रुग्णालयांमधून प्रश्न यायला लागले. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी एक नळी तयार केली. ती हातात बसवली की एकाच माणसाचं डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येई. मूत्रपिंडं निकामी झालेला रोगी आता वर्षानुवर्षं जगू शकत होता, पण यंत्रं होती मोजकीच. मग कुणाला घ्यायचं? तिथल्या डॉक्टरांनी सात जणांची समिती नेमली. तीत वकील होता, पाद्री होता, बँकवाला, कामगार पुढारी, गृहिणी होती. लग्न झालंय का, मुलं किती, कमाई किती, चर्चला जातो का, असलं सगळं तोलून ही मंडळी नावं ठरवत. १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने हे छापल्यावर गहजब झाला. त्या सातांना मी दोष देत नाही. आपल्या सोसायटीच्या कमिटीला पार्किंगची जागा वाटायची म्हटली तरी काय होतं ते आपण बघतोच. इथे तर जीव वाटायचे होते, आणि ते कोणत्या नियमाने वाटायचे हे सांगणारं शास्त्र कुणाजवळ तयार नव्हतं.

त्यामागे आणखी काळी पानं होती. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली, १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा; दोन्ही माणसांवरच्या प्रयोगांना मर्यादा घालणारे. तरी अलाबामातल्या टस्कीगीत ३९९ कृष्णवर्णीय सिफिलिसग्रस्तांना १९३२ पासून नुसतं ‘बघत’ ठेवलं होतं. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिलं नाही, आणि हे १९७२ पर्यंत चाललं. ते उघडकीला आल्यावर अमेरिकेने आयोग नेमला आणि १९७९ मध्ये त्याचा बेलमाँट अहवाल निघाला. माणसाचा मान, त्याचं हित आणि न्याय ही त्याची तीन सूत्रं. आज आमच्या शनिवारच्या बैठकीतही तीच घोकली जातात.

या आयोगाचं काम जवळून पाहिलेले तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांना एक गंमत दिसली. समोर एखादं ठोस प्रकरण आलं की वेगवेगळ्या धर्मांची आणि मतांची माणसं पटकन एकमत करत. ‘का?’ विचारलं की प्रत्येकाचं कारण निराळं. १९८२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि वैद्यकाने नीतिशास्त्राचे प्राण वाचवले, असं त्याच्या शीर्षकातच सांगून टाकलं. मला हे तंतोतंत पटतं. तत्त्वज्ञान रुग्णालयात उपकार करायला गेलेलं नाही, ते तिथे उपचारांसाठी भरती झालं होतं.

पुढे अभ्यासक्रम निघत गेले. ‘बायोएथिक’ हा शब्द जर्मन पाद्री फ्रिट्झ यार यांनी १९२७ मध्येच वापरला होता, पण तो रुळला १९७० मध्ये व्हॅन रेन्सेलर पॉटर या कर्करोग संशोधकामुळे. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हेस्टिंग्ज सेंटर आणि १९७१ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट उभं राहिलं. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये उपयोजित तत्त्वज्ञानाची वेगळी संस्थाच निघाली. तेव्हापासून तिकडे काही अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने वॉर्डात, आयसीयूत, कमिटीत बसणं हा शिक्षणाचाच भाग होत गेला.

आपल्याकडे प्रश्न नव्हते असं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला द्यायच्या शपथा आहेत. रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर बोलू नये, हे त्यात आहे. रोग्याचं आयुष्य सरत आलंय हे कळलं तरी, सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसणार असेल तिथे ते सांगू नये, हेही आहे. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो आणि म्हणतो, ‘बाबांना कॅन्सर हा शब्द नका बोलू.’ बाबा बाहेर बाकावर बसलेले, समोर भिंतीवर हॉस्पिटलचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत. बेलमाँटच्या पहिल्या सूत्राने मुलगा चुकतो, चरकाच्या हिशोबाने कदाचित चुकत नाही. या पेचावर मराठीत पदव्युत्तर प्रबंध लिहिले जायला हवेत, इतका तो आपला आहे.

मग आला प्लेग. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना. कैद्याची ‘स्वेच्छा’ म्हणजे काय, हा प्रश्न आज वर्गात विचारला की तासभर पुरतो. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, घरांत शिरून झडत्या सुरू झाल्या. पुण्यात जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. त्याच साथीत मार्चमध्ये, आजाऱ्यांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या. एका वर्षात, एका इलाख्यात सार्वजनिक आरोग्याच्या नीतिशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम आहे, सक्तीपासून सेवेपर्यंत. आणि १८९७चा तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला, तेव्हा आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो.

ठाणेकर म्हणून मला मात्र जास्त जवळचं वाटतं ते आमचं मनोरुग्णालय. १९०१ सालचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रात इतकं मुरलंय, की कॉलेजात असताना मी गाव विचारलं तर ‘मुंबईच’ सांगून मोकळी होत असे. त्या थट्टेच्या मागे कायदा उभा होता. १९१२च्या ल्युनसी ॲक्टमध्ये, म्हणजे वेडाविषयीच्या कायद्यात, माणूस वेडा ठरला की मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत जाई, आणि त्याला स्वतःला काय हवंय हा प्रश्न कागदावर कुठे नसे. १९८७ मध्ये कायद्याचं नाव बदललं, भाषा जरा सौम्य झाली. खरी उलथापालथ २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केली. बरं असताना माणूस आगाऊ लिहून ठेवू शकतो, की पुढे मला आजार बळावला तर अमुक उपचार करा, तमुक करू नका. माझ्या वतीने अमक्याने बोलावं, हेही तो ठरवू शकतो. भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी आली. ‘वेडा’ म्हणून ज्याचं बोलणंच बाद होतं, त्याच्या शब्दाला कायद्याने वजन दिलं. स्वायत्तता या कल्पनेवर कांटपासून सुरुवात करून मी वर्गात दोन आठवडे बोलते. त्याऐवजी रुग्णालयाच्या भिंतीपाशी मुलांना नेऊन १९१२ आणि २०१७ ही दोन कलमं शेजारी ठेवावीत, असं हल्ली वाटतं. वर्तमानपत्रांत या जागेची बातमी येते ती बहुधा नव्या रेल्वे स्टेशनला लागणाऱ्या जमिनीची.

विषय म्हणून हे सगळं आपल्याकडे उभं राहिलं ते विद्यापीठात नाही, चळवळीत आणि कोर्टात. गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत जोरात होता. त्याविरुद्ध स्त्रियांच्या आणि आरोग्याच्या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी उचल घेतली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. त्याच वर्षी मूत्रपिंडांच्या बाजाराला लगाम घालणारा अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, आणि तो मागणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीवर एक छोटं नियतकालिक सुरू केलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे न्यूरोसर्जन सुनील पंड्या, अमर जेसानी ही त्यातली नावं. तेच आजचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. २००५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पहिली राष्ट्रीय जैवनीती परिषद मुंबईत भरली. तिकडे आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १९८० मध्ये न्या. एच. आर. खन्ना यांच्या समितीकडून संशोधनाची पहिली तत्त्वं लिहून घेतली होती. २०००, २००६ आणि २०१७ मध्ये ती वाढत गेली.

आणि अरुणा शानबाग. केईएमच्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि त्या पुढची जवळपास ४२ वर्षं वॉर्डातल्या एका खाटेवर होत्या. दयामरणाची याचिका ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळली, पण उपचार थांबवण्याचा दरवाजा त्याच निकालात किलकिला झाला. २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या आजारात उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली, २०२३ मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. कोर्टाने मान्य केलं ते केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं, ‘आम्ही तिची काळजी घेतोय, तिला जगू द्या.’ रक्ताचं नातं नसताना रोज अंग पुसणारी माणसं तिच्या वतीने बोलू शकतात का? तत्त्वज्ञानाच्या कोणत्या पुस्तकात मला याचं इतकं सरळ उत्तर मिळालं नसतं.

मग पदव्या? एमबीबीएसला २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद असा भाग सक्तीचा झाला. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात जैवनीतीची पदव्युत्तर पदविका आहे. बाकी बहुतेकजण आरोग्यशास्त्र, समाजकार्य किंवा कायद्याच्या दारातून येतात. तत्त्वज्ञानाच्या दारातून फार थोडे. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान संस्था काढणाऱ्या, १९७४ मध्ये वाडेकरांच्या संपादनाखाली तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश काढणाऱ्या आपल्या प्रांतात हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं. आमच्या विभागांनी शंकराचार्य आणि कांट यांची उत्तम बडदास्त ठेवली. आयसीयूत डोकावायचं राहिलं. विद्यार्थ्याला मी सध्या सांगते, की एमए कर आणि जोडीला एखाद्या रुग्णालयाच्या कमिटीत सामान्य सदस्य म्हणून जागा मिळते का बघ.

कारण तिथे काय शिकायला मिळतं ते मी पाहिलंय. एका चाचणीचं मराठी संमतीपत्र आलं होतं. ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.’ मी ते वाचलं, समजलं, पुढे गेले. आमच्या कमिटीतल्या सामान्य सदस्य, ऐरोलीच्या निवृत्त शिक्षिका, चष्मा पुसत म्हणाल्या, ‘म्हणजे काय करणार हो नक्की?’ तरुण संशोधक डॉक्टरने समजावलं, कुणाला नवं औषध आणि कुणाला जुनं, हे कॉम्प्युटर ठरवेल, आमच्या हातात काही नाही. ‘म्हणजे चिठ्ठ्या टाकणार,’ बाई म्हणाल्या. ‘मग तसं लिहा. आणि डॉक्टर आपल्यासाठी बरं ते औषध निवडतील असं त्याला वाटायला नको, तेही लिहा.’

पुढच्या महिन्यात कागद दुरुस्त होऊन आला. चिठ्ठ्यांचं वाक्य होतं. दुसरं नव्हतं. आम्ही तो परत पाठवला.