दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक आपल्या कॉलेजात कसं मागवायचं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेव विभागात मी काम करते. मार्गदर्शकांनी पुस्तक सुचवलं, ते आपल्या कपाटात नाही, आणि प्रबंधाचं प्रकरण तर महिन्याभरात द्यायचं आहे, अशी मुलं वर्षभर येत असतात. त्यातली बरीच जण पुस्तक विकत मिळत नाही म्हणून तो संदर्भच सोडून देतात. खरं तर एक साधा अर्ज भरला तर ते पुस्तक आपल्या टेबलावर येऊ शकतं. या सोयीला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप कळतील. हे पुस्तक तुम्हाला कोणी उसनं देत नाही, दुसरं ग्रंथालय ते तुमच्या ग्रंथालयाला देतं. त्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत कॉलेजचं नाव चढतं, जामीन ग्रंथपाल राहतात. म्हणून अर्ज नेहमी आपल्याच ग्रंथपालांकडे करायचा. दुसऱ्या ग्रंथालयाच्या काउंटरवर परस्पर जाऊन 'आंतरग्रंथालयीनमधून द्या' म्हटलं तर नकारच मिळेल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पात्रता

चालू वर्षाचं ग्रंथालय सदस्यत्व हवं आणि नावावर थकबाकी नको. प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी यांना सहसा अडचण येत नाही. एमए, एमएस्सी, एमकॉमच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंध किंवा प्रकल्प असेल तर मार्गदर्शकांच्या सहीवर ही सोय मिळते. पदवीच्या मुलांनी आपल्या शिक्षकांमार्फत मागणी करावी, बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. कॉलेज सोडलेल्यांना आणि स्वतंत्र अभ्यासकांना या वाटेने पुस्तक मिळत नाही. त्यांच्यासाठी जागेवर बसून वाचण्याची परवानगी हा मार्ग आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुमचं कॉलेज डेलनेटचं सभासद आहे का, हेही विचारून ठेवा. 1988 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या जाळ्यात आज देशभरातली ग्रंथालयं आहेत. सभासदत्व संस्थेला मिळतं, व्यक्तीला नाही, त्यामुळे मागणी ग्रंथालयाच्याच खात्यातून जाते.

अर्जाआधीचा शोध

इथे घाई करू नका. मागण्या अडकतात त्या बहुतेक इथेच.

पुस्तक नेमकं कुठे आहे हे कळलं की निम्मं काम झालं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'इंडकॅट' ही संयुक्त तालिका कोणालाही फुकट पाहता येते. त्यात देशातल्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र शोधता येतात. त्याशिवाय ज्या त्या ग्रंथालयाचा स्वतःचा ओपॅक, म्हणजे संगणकावर शोधता येणारी पुस्तकांची तालिका असते.

मराठी पुस्तकं शोधताना मात्र वेगळीच गंमत होते. अनेक तालिकांत मराठी शीर्षकं रोमन लिपीत चढवलेली आहेत आणि ती चढवण्याची पद्धत सगळीकडे एक नाही. 'राजवाडे' हे नाव कुठे 'डब्ल्यू'ने लिहिलेलं असतं, कुठे 'व्ही'ने, कुठे मधला एक 'ए' जास्त. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणजे पुस्तक नाही असं समजू नका. तीन-चार प्रकारे टाइप करून पाहा, मग देवनागरीत पाहा, मग नुसत्या शीर्षकातल्या एखाद्या ठळक शब्दाने पाहा. जुन्या पुस्तकावर शकाचं वर्ष छापलेलं असतं. शके 1830 म्हणजे इसवी सन 1908, म्हणजे साधारण 78 मिळवायचे. तालिकेत यातलं कोणतं वर्ष घातलं असेल हे सांगता येत नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

मागे इतिहासाची एक विद्यार्थिनी आली होती. तिच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'राजवाडे, साधने'. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड 22 आणि तेही वेगवेगळ्या वर्षी निघालेले. त्यातला कोणता मागवायचा? बसून बोललो तेव्हा कळलं की तिला पहिल्या खंडाची प्रस्तावनाच हवी होती, बाकी काही नको होतं. पुण्यातल्याच एका ग्रंथालयाने तेवढी पानं स्कॅन करून ईमेलवर पाठवली. पुस्तक जागचं हललंही नाही. चिठ्ठी तशीच पुढे गेली असती तर ती पोरगी महिनाभर वाट पाहत बसली असती.

तेव्हा पूर्ण ग्रंथ हवा आहे की एखादा लेख, एखादं प्रकरण, हे आधी ठरवा. प्रबंध हवा असेल तर 'शोधगंगा' हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार पाहिल्याशिवाय अर्ज करू नका. 2009 च्या यूजीसी नियमावलीनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत तिथे द्यायची असते, त्यामुळे अलीकडचे पुष्कळ प्रबंध घरबसल्या वाचता येतात. परदेशी नियतकालिकातला लेख असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये आपली संस्था येते का ते विचारा. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत. ती सरकारी व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे, म्हणून खासगी व्यवस्थापनाच्या कॉलेजांनी यादीत आपलं नाव आहे का याची खात्री करून घ्यावी.

अर्ज आणि सोबतचे कागद

अर्जाचा नमुना ग्रंथालयात मिळतो. त्यात लेखकाचं पूर्ण नाव, मुखपृष्ठावर नव्हे तर आतल्या शीर्षकपानावर असेल तसं शीर्षक, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक आणि खंड भरा. पुस्तक कुठे आहे ते सापडलं असेल तर त्या ग्रंथालयाचं नाव आणि बोधांकही (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) लिहा, कारण बोधांक दिला की समोरच्या माणसाला सरळ कपाटाशी जाता येतं. लेखासाठी नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, पान क्रमांक आणि असेल तर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक. कधीपर्यंत हवं ती तारीख खरी लिहा. सगळेच 'तातडीचं' लिहितात, त्यामुळे खरोखर तातडीचं कोणतं ते कळत नाही.

सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, पीएचडीवाल्यांनी नोंदणीपत्राची प्रत, आणि मार्गदर्शकांची किंवा विभागप्रमुखांची सही. शिवाय एक हमीपत्र असतं: मुदतीत परत करीन, हरवलं-फाटलं तर भरून देईन, टपालाचा किंवा कुरिअरचा खर्च लागला तर सोसेन. हमीपत्र वाचून सही करा. खर्च कोणाचा, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. काही कॉलेजं स्वतः करतात, काही विद्यार्थ्याकडून घेतात. स्कॅनच्या पानांचे पैसे लागतात का, तेही आधीच विचारा.

जे पाठवलं जात नाही

दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखितं, कोश, नियतकालिकांचे बांधीव अंक आणि छापील प्रबंध सहसा ग्रंथालयाबाहेर जात नाहीत. अख्ख्या पुस्तकाची स्कॅन प्रतही मागू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी वाजवी उपयोगाची मुभा देतं, पण चालू बाजारातलं पुस्तक आख्खं उतरवून घेणं त्यात बसवता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. राजवाडे 1926 साली वारले, तेव्हा त्यांनी हयातीत छापलेल्या ग्रंथांचा प्रश्न कधीच मिटला आहे. नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या प्रस्तावनेवर मात्र त्या संपादकाचा हक्क असू शकतो.

पुण्यात राहणाऱ्यांना या बाबतीत जी सोय आहे ती फार थोड्या शहरांना आहे. राजवाड्यांनी 1910 मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत, 1917 चं भांडारकर संस्थेचं ग्रंथालय लॉ कॉलेज रस्त्यावर, गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय डेक्कनकडे, डेक्कन कॉलेज येरवड्याला, विद्यापीठाचं जयकर ज्ञानस्रोत केंद्र गणेशखिंडीत. जे पुस्तक कुरिअरने येणार नाही ते बसने जाऊन वाचता येतं. त्यासाठी लागतं ते परिचयपत्र, आणि त्याकडे मुलं उगीच दुर्लक्ष करतात.

परिचयपत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, त्या संस्थेच्या ग्रंथपालांच्या नावे असावं. तुमचं नाव, पीआरएन नंबर, विषय, पाहायच्या ग्रंथांची यादी आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असा काळ त्यात हवा. खाली प्राचार्यांची किंवा ग्रंथपालांची सही आणि शिक्का. मूळ पत्र न्या, झेरॉक्स नको. ओळखपत्र, आधार आणि एक फोटो बरोबर ठेवा. 'संशोधनासाठी सहकार्य करावे' एवढंच मोघम लिहिलेलं पत्र घेऊन गेलेला विद्यार्थी दारातून परत आलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी पाच ग्रंथांची नावं घालून पत्र दिलं, तर त्याच जागी त्याला आत बसवलं. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. टिपणं पेन्सिलीने घ्या आणि मोबाइलने फोटो काढायचा असेल तर परवानगी घेऊनच काढा.

पुस्तक आल्यावर

ग्रंथालयातून फोन आला की लगेच या, कारण मुदत तुमच्या येण्याची वाट पाहत नाही. काही पुस्तकं फक्त आमच्या वाचनकक्षात बसून वाचायच्या अटीवर येतात. घेताना पानं चाळून बघा. आधीच सुटलेलं पान किंवा वाळवीची भोकं दिसली तर तिथल्या तिथे आम्हाला दाखवा, आम्ही ते चिठ्ठीवर लिहून ठेवतो. मुदतवाढ हवी असेल तर शेवटच्या दिवशी मागू नका, दोन-चार दिवस आधी सांगा, म्हणजे समोरच्या ग्रंथालयाला विचारता येतं. एकाने पुस्तक अडकवलं की दंड एकालाच होतो, पण पुढच्या वेळी त्या ग्रंथालयाकडे हात पसरायला आम्हाला तोंड राहत नाही, आणि त्याचा फटका मागे रांगेत असलेल्यांना बसतो.

परत करताना पुस्तक काउंटरवर नुसतं ठेवून जाऊ नका. दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक) घातलेली पोचपावती घ्या आणि फाइलला लावा. प्रबंध सादर करताना ग्रंथालयाचं काही देणं बाकी नाही असं नादेय प्रमाणपत्र लागतं, आणि तीन वर्षांपूर्वी आलेलं पुस्तक परत गेलं का, हे त्या दिवशी या एका कागदावरून ठरतं.